घरच्या घरी पेटी: भात्यापासून भूपापर्यंत

पेटी (हार्मोनियम) शिकायला बाईंकडे पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला एकही पट्टी दाबू दिली नाही. पेटी उघडली, माझा डावा हात मागच्या भात्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आज फक्त हवा भरायची. आवाज अजिबात नको." वीस मिनिटं मी तेवढंच केलं. पार्ल्यातली संध्याकाळ, खाली रिक्षांची गर्दी, थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून उतरणारं विमान, आणि माझ्या तळहाताखाली भात्याच्या घड्या मिटतायत, उघडतायत. घरी चालत येताना लक्षात आलं, की त्या वीस मिनिटांत मनात दुसरं काहीच आलं नव्हतं. ना ऑफिस, ना घर.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी कार्यक्रम करत नाही. रोज सकाळी पाऊण तास पेटीसमोर बसते, आणि तो पाऊण तास मला दिवसातला सगळ्यात प्रिय आहे. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी पडून आहे, किंवा ज्यांचं लहानपणी शिकायचं राहून गेलं आणि आता चाळिशी-पन्नाशीत हात शिवशिवतायत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. मुंबईच्या घरात मोठ्याने वाजवायची सोय नसते. पण माझा अनुभव असा, की पेटीचं खरं सुख हलकं आणि सावकाश वाजवण्यातच आहे, आणि लहान घर तेच आपल्याकडून करून घेतं.

पेटी घरी आणताना

घरच्या रियाजाला साधी, तीन किंवा साडेतीन सप्तकांची, डबल रीडची पेटी पुरते. डबल रीड म्हणजे एका पट्टीला दोन सूर (रीड): एक खर्जाचा, म्हणजे खालचा, आणि एक नराचा, म्हणजे त्याच्या वरचा. या दोन्हींच्या मेळातून तो भरदार आवाज येतो. सिंगल रीडची पेटी हलकी आणि स्वस्त असते, पण तिचा आवाज थोडा पातळ वाटतो. स्केल चेंजरच्या, म्हणजे पट्ट्यांचा संच सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीच्या, मोहात सुरुवातीला पडू नका. त्या पेट्या जड असतात, आतली यंत्रणा जास्त, म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त. शिवाय वेगवेगळ्या 'सा'वरून बोटं बसवायची सवय लागत नाही, ते नुकसान वेगळंच.

दादरला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. हरिभाऊ विश्वनाथांचं दुकान तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांना माहीत आहे. कुठूनही घ्या, पण घाईत घेऊ नका. माझी पहिली पेटी मी एका दुकानातून शनिवारी संध्याकाळी घेतली. दुकानात गर्दी, पंखा घरघरतोय, रस्त्यावर हॉर्न. चार सूर वाजवून पाहिले, छान वाटले, पैसे दिले. घरी आणून शांततेत वाजवली तर मधल्या सप्तकातला एक सूर उशिरा बोलायचा. पट्टी दाबली की आधी नुसती हवा, मग क्षणभराने आवाज. परत घेऊन गेले तर ऐकूनच घेतलं नाही. तेव्हापासून ओळखीच्या सगळ्यांना सांगते: कामाच्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या जा, आणि पंखा पाच मिनिटं बंद करायला सांगा.

काय बघायचं? सगळ्या खुंट्या (सुरांकडे हवा सोडणाऱ्या समोरच्या मुठी) उघडा, भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. आतला भाता अगदी सावकाश रिता व्हायला हवा. झपकन रिता झाला तर हवा गळते आहे. या वेळी एखादा सूर आपोआप बारीक वाजत असेल, तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. मग अगदी कमी हवेवर एकेक पट्टी दाबत पहिल्यापासून शेवटपर्यंत जा. जोरात वाजवलं की सगळेच सूर बोलतात, आळशी सूर हलक्या हवेवरच सापडतो. शेवटी सा आणि वरचा सा एकदम दाबा. आवाज सरळ, एकसंध यायला हवा. त्यात 'वाव-वाव-वाव' अशी लहर ऐकू आली तर दोन सूर एकमेकांशी जुळलेले नाहीत. घरातली जुनी पेटी असेल तर हीच तपासणी करा. भाता शाबूत असेल तर जुनी पेटी दुरुस्त करणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं, कारण जुन्या सुरांना एक मुरलेपण असतं.

जागा, वेळ आणि शेजार

मुंबईच्या इमारतीत आवाज भिंतीतून जातो त्याहून जास्त डक्टमधून जातो. बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये शिरलेला सूर सगळ्या मजल्यांवर पोचतो. म्हणून बसण्याआधी बाथरूमचं दार आणि डक्टकडची खिडकी लावून घ्या. पेटी थेट लादीवर ठेवू नका. चार घड्या केलेली गोधडी किंवा जाड सतरंजी खाली घाला, म्हणजे लादीतून खालच्या घरात जाणारी घरघर कमी होते. कपड्यांच्या कपाटाजवळचा, पडद्याजवळचा कोपरा चांगला. बऱ्याच डबल रीड पेट्यांत एक खुंटी बंद केली की खर्जाचे सूर थांबतात आणि नुसता नर वाजतो. सकाळी सकाळी तेवढाच वाजवा. वरचं झाकण लावलं की आवाज आणखी मऊ होतो.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्रीची धरतात, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल आहे. हे माहीत असावं. पण इमारतीत नियमापेक्षा आधी जाऊन विचारणं उपयोगी पडतं. मी पेटी आणली त्याच आठवड्यात वर, खाली आणि शेजारी जाऊन सांगून आले. शेजारची मुलगी रुग्णालयात रात्रपाळी करते, आठनंतर झोपते. वरच्या घरात तेव्हा दहावीचा मुलगा होता, तो पहाटे अभ्यास करून साडेसहाला क्लासला निघायचा. खालच्या आजींचं काहीच म्हणणं नव्हतं. तर माझी वेळ ठरली साडेसहा ते सव्वासात. त्या वेळेत नळाला पाणी असतं, दूध आलेलं असतं, कुकर अजून लागायचा असतो. खालच्या आजी आता आठवडाभर पेटी ऐकू आली नाही तर जिन्यात थांबवून विचारतात, "बरी आहेस ना गं?"

बसायचं कसं

मांडी घालून, खाली छोटी उशी घेऊन, म्हणजे कंबर वर राहते आणि गुडघे खाली. उजव्या हाताचं कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावं, मनगट लोंबतं नको. पेटी इतकी जवळ, की डावा हात न ताणता भात्यापर्यंत पोचेल. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता खुर्चीवर बसा आणि पेटी बुटक्या टेबलावर ठेवा. खांदा दुखायला लागला की समजावं, पेटी लांब आहे किंवा उंच.

भाता

पेटी शिकणारा माणूस बोटांकडे बघतो आणि भाता विसरतो. पण पेटीचा श्वास डाव्या हातात आहे. गाणाऱ्याचा दम जसा, तसा वाजवणाऱ्याचा भाता.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या. आपण हलवतो तो बाहेरचा भाता फक्त पंपाचं काम करतो. तो हवा आतल्या भात्यात ढकलतो, आणि आतला भाता स्प्रिंगच्या दाबावर ती हवा सुरांकडे सारखी पोचवत राहतो. पट्टी दाबली की झडप उघडते, हवा पितळेच्या बारीक जिभेखालून जाते आणि ती जीभ थरथरते. आवाज तिचा. बाहेरचा भाता धपाधप मारला तर आतला दाब वर-खाली होतो आणि सूर हेलकावे खातो. आतला भाता कायम अर्ध्याहून जास्त भरलेला ठेवायचा आणि बाहेरून थोडी थोडी हवा घालत राहायची, हे एकदा जमलं की निम्मी पेटी आली.

पहिला आठवडा हे करा. खुंट्या उघडून भाता भरा, हात थांबवा, मधला सा दाबा आणि मनात आकडे मोजा. सूर किती आकड्यांनंतर विरतो? माझ्या पेटीवर सुरुवातीला मी जेमतेम आठ मोजायचे, कारण भाता पुरता भरतच नव्हते. मग हाच सा सोळा आकडे धरायचा, मध्ये दोनदाच हवा घालून, आणि हवा घालताना आवाजात जराही फुगवटा येऊ द्यायचा नाही. डोळे मिटून करा. फुगवटा आला की कानाला लगेच कळतो. मग सा आणि प एकत्र. दोन सुरांना जास्त हवा लागते, म्हणून हाताची गती बदलावी लागेल, आणि ती आपोआप बदलेल.

हातासाठी एक खूण बाईंनी सांगितली होती. भात्यावर तळहात टेकवू नये, चार बोटांनी तो हलका धरावा, आणि हालचाल कोपरातून न करता मनगटातून करावी. अंगणात बसून कोणी तान्ह्याचा पाळणा जसा नकळत हलवतं, तसा. भाता पूर्ण मिटेपर्यंत दाबायचा नाही. शेवटच्या टोकाला 'टप्प' असा लाकडाचा आवाज आला तर समजा जास्त झालं.

माझा आठवडा संपला, दुसराही गेला, आणि एका सकाळी सा सोळा आकडे सरळ रेषेसारखा राहिला. बाहेरून विमान गेलं, त्याच्या घरघरीत सूर दिसेनासा झाला. मी पट्टी सोडली नाही. विमान लांब गेलं तसा तोच सा, होता तिथेच, हळूहळू पुन्हा ऐकू यायला लागला. तेव्हापासून विमान आलं की मी मुद्दाम सा धरून थांबते.

आपला सा कुठला?

पेटीवर पट्ट्यांची नावं सोपी आहेत. डावीकडून दोन काळ्यांच्या जोडीच्या आधीची पांढरी ती पांढरी एक, मग पुढे सातपर्यंत. काळ्या पाच: दोनांची जोडी म्हणजे काळी एक, दोन, तिघांचा गट म्हणजे काळी तीन, चार, पाच. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक-दोनला बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. नुसती वाजवायची असेल तरीही स्वतःच्या गळ्याचा सा शोधा, कारण पेटी वाजवता वाजवता गुणगुणता आलंच पाहिजे. जो सा धरून खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) त्रास न होता जाता येतं, तो आपला. मात्र बोटांचे पहिले धडे काळी एकमध्ये घ्या, असं मी सुचवेन. कारण पुढे आहे.

तानपुरा हवाच. मोबाइलवर अ‍ॅप चालेल, पण फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज ऐकू येत नाही, म्हणून छोटा स्पीकर जोडा. आवाज इतकाच ठेवा, की पेटी थांबली की तो कानावर यावा आणि पेटी सुरू झाली की मागे जावा.

बोटं

काळी एकला सा धरला तर शुद्ध स्वरांचं सप्तक असं येतं: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि पुढच्या सप्तकातली पांढरी एक, आणि तार सा पुढची काळी एक. पाच स्वर काळ्यांवर, फक्त ग आणि नि पांढऱ्यांवर. आता बोटं बघा: सा तर्जनी, रे मध्यमा, ग अंगठा, म तर्जनी, प मध्यमा, ध अनामिका, नि अंगठा, सां तर्जनी. अंगठा फक्त पांढऱ्या पट्टीवर येतो आणि दोन्ही वेळा तळहाताखालून सरकतो. काळ्या पट्ट्या उंच असल्यामुळे खाली त्याला जागा मिळते. म्हणूनच काळी एक शिकायला चांगली. हाताचा आकार तिथे आपसूक बसतो.

उतरताना सां तर्जनी, नि अंगठा, मग अनामिका अंगठ्यावरून पलीकडे धैवतावर, प मध्यमा, म तर्जनी, ग अंगठा, रे मध्यमा, सा तर्जनी. अनामिकेची ती उडी पहिल्या महिन्यात अडते. तेवढाच तुकडा काढून घ्या: नि ध नि ध नि ध, अंगठा आणि अनामिका, पन्नास वेळा, अतिशय सावकाश. शक्ती लावायची नाही. पट्टी दाबायला जेवढं वजन लागतं तेवढंच, आणि पुढचा सूर लागेपर्यंत आधीचं बोट उचलायचं नाही. पेटीत मींड नाही, तारेसारखा सूर ओढता येत नाही. दोन सुरांमधली फट भरायची ती अशी, बोट उशिरा सोडून. अगदी क्षणभर दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात, आणि वाजवणं गाण्यासारखं वाटायला लागतं.

बोटं स्वरांवर स्थिर झाली की अलंकार. सारेग, रेगम, गमप. मग सारेगम, रेगमप. हे सगळ्यांना माहीत असतात आणि सगळेच ते फार जोरात, फार वेगात वाजवतात. तबल्याच्या अ‍ॅपवर तीनताल साठच्या लयीला (मिनिटाला साठ मात्रा) लावा. एका मात्रेला एक स्वर. तीन वेळा चूक न होता गेलं तरच लय पाचने वाढवा. चुकलं की पाचने कमी. वहीत रोजची लय लिहून ठेवा. माझ्या वहीत एकदा सलग तेवीस दिवस 'अलंकार ४, लय ७०' असंच लिहिलेलं आहे. चोविसाव्या दिवशी ७५.

भेंडीबाजारची देणगी

अलंकारांचा कंटाळा यायला लागला की मेरुखंड घ्या. याचं मुंबईशी जवळचं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भेंडीबाजारात येऊन राहिलेल्या छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांमुळे भेंडीबाजार घराणं उभं राहिलं, आणि मेरुखंडाची आलापी ही त्या घराण्याची ओळख झाली. कल्पना साधी आहे: ठरलेले स्वर घ्यायचे आणि त्यांची प्रत्येक शक्य मांडणी गाऊन बघायची.

तीन स्वरांच्या सहा मांडण्या होतात. सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वर घेतले की चोवीस, पाचाच्या एकशेवीस, आणि सातही स्वर घेतले तर ५०४०. घरच्या रियाजाला तीनच्या सहा आणि चारच्या चोवीस पुष्कळ झाल्या. दर आठवड्याला सहा मांडण्या वहीत लिहून घ्या आणि त्याच फिरवा. बोटांना सवयीचा चढ-उतार सोडून द्यावा लागतो, आणि मग पट्टी कुठे आहे हे हात न बघता ओळखायला लागतात. गसारे वाजवताना एकदा मला ओळखीच्या एका चालीचं तोंड सापडलं. दिवसभर लोकलमध्ये तेच ओठांवर.

पहिला राग

पहिला राग भूप. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत. काळी एकमध्ये वाजवताना फक्त गंधार पांढऱ्यावर येतो. एक दिवस गंमत म्हणून काळी तीनला सा धरून पाहा: पाचही काळ्या पट्ट्या म्हणजे पूर्ण भूप, एकही पांढरी नाही. लहान मुलाला समोर बसवून सांगा, फक्त काळ्या दाब. तो जे वाजवेल त्यात भूपाचेच स्वर असतील. आमच्या भाचीने तसंच केलं आणि अर्धा तास उठायला तयार नव्हती.

पण स्वर म्हणजे राग नव्हे, ते भूपातच नीट कळतं. भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांचा गट), रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. हेच पाच स्वर घेऊन धैवताला वादी केलं, धैवतावर जास्त थांबलं, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, जास्त राहिलं, की सकाळचा देशकार होतो, थाट बिलावल. मी सकाळी वाजवते म्हणून बाईंनी मला दोन्ही एकदम दिले. आठवड्याचे तीन दिवस देशकार, आणि रविवारी संध्याकाळी भूप. भूपात ग वर येऊन विसावायचं. ग रे सा म्हणताना रेवर रेंगाळायचं नाही. प ग, ध प ग असं येत येत गंधाराला टेकायचं. देशकारात तीच बोटं वर वर राहतात, धैवतापाशी, आणि गंधारावर फार वेळ बसत नाहीत. एका आठवड्यात फरक बोटांना कळतो. शब्दांत सांगायला मला अजून नीट जमत नाही.

यासाठी चांगल्या वादकांना ऐका. पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघा: स्वरांच्या मधल्या जागा. किती वेळ ते काहीच वाजवत नाहीत, आणि भाता मात्र भरलेला असतो.

गंधाराकडे कान

पेटीचे सूर तानपुऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, हा जुना आक्षेप खरा आहे आणि तो कानाने अनुभवावा. तानपुऱ्याच्या षड्जाच्या (सा) तारेत, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, चांगली असेल तर, एक गंधार आपोआप ऐकू येतो. काळी एकचा सा साधारण २७७ हर्ट्‌झचा. तारेतल्या नैसर्गिक गंधाराचं साशी नातं पाचास चार, म्हणजे मधल्या सप्तकात तो सुमारे ३४६.५ ला येतो. पेटीचा गंधार सप्तकाच्या सारख्या बारा भागांच्या हिशेबाने जुळवलेला, तो जवळपास ३४९ ला. म्हणजे किंचित चढा. पंचमात हा फरक इतका बारीक असतो, की कानाला कळत नाही, पण गंधारात कळतो. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीला मनाई केली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली.

आपण काय करायचं? तानपुरा लावा, भाता अगदी हलका ठेवा, गंधार दाबा आणि बोट उचलून तोच गंधार तानपुऱ्यावर गुणगुणा. गळा थोडा खाली येऊन स्थिरावेल. तो स्थिरावण्याचा क्षण ओळखायला शिका. मग पुन्हा पट्टी. मी पेटीवरचा गंधार कधी जोरात वाजवत नाही, तो हलकाच ठेवते आणि वर आवाज लावते. पेटी मोठ्याने वाजवली तर हे ऐकूच येत नाही.

रोजचा पाऊण तास

सुरुवातीची पाच मिनिटं भाता आणि सा. दहा मिनिटं अलंकार, दहा मेरुखंड. पंधरा मिनिटं राग. उरलेली पाच मिनिटं मनाला येईल ते: आरती, अभंग, नाट्यपदाची एखादी ओळ. ही शेवटची पाच मिनिटं कधीही कापू नका, वेळ कमी असेल तर अलंकार कापा. ज्या दिवशी दहाच मिनिटं आहेत त्या दिवशी फक्त सा आणि रागाचा एक तुकडा. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. महिन्याने ऐका. पहिल्या वर्षी गुरू मिळाले तर फारच चांगलं, कारण मनगट वाकडं पडतंय हे आपलं आपल्याला दिसत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ही पेटीची परीक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता कित्येकदा ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्यावरचं कातडं दमट होतं. एका पावसाळ्यात मी पेटी बाल्कनीच्या दाराशी ठेवली होती. ऑगस्टमध्ये तीव्र मध्यम दाबला की वर यायचाच नाही, बोटाने उचलावा लागायचा. दुरुस्तीला आलेल्या काकांनी वरची फळी काढली, अडकलेली पट्टी शेजारच्या पट्टीला कुठे घासते ते दाखवलं, पॉलिश पेपरचा एक हात फिरवला आणि काम झालं. मग आत बघायला लावलं. सुरांच्या पितळी जिभांवर काळपट हिरवी छटा आली होती, आणि एका जिभेखाली झुरळाचा बारीक पाय अडकला होता. काकांनी तो मऊ ब्रशने काढला. तोंडाने फुंकायला मी वाकले तर त्यांनी हात आडवा केला. फुंकरीतला दमटपणा पितळेला लागतो.

तेव्हापासून पेटी भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून उंच, लाकडी पाटावर. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग उतरला की पुड्या बदला. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतला दमटपणा आतच कोंडतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज वाजवणं. हवा खेळती राहते, भात्याच्या घड्या चिकटत नाहीत. एखादा सूर बेसूर झाला तर घरी खरवडू नका. जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि दोन्हीकडे एकेक केसभर जास्त झालं की ती जीभ कायमची बदलावी लागते. ते काम कारागिराचं.

बंद करताना

वाजवणं संपलं की आतल्या भात्यात हवा तशीच ठेवून पेटी मिटू नका. स्प्रिंगवर आणि घड्यांवर उगाच ताण राहतो. मी शेवटी सा आणि मंद्र पंचम दाबून धरते, डावा हात भात्यावरून काढून घेते, आणि हवा संपेपर्यंत थांबते. दोन्ही सूर हळूहळू बारीक होतात. आधी पंचम जातो, मग सा, मग नुसती हवा, मग तीही नाही. खुंट्या आत ढकलायच्या. भाता मिटून कडी लावायची. पट्ट्यांवरून कोरडं सुती फडकं फिरवायचं, काळ्यांच्या मधल्या फटीतूनही. झाकण लावायचं. माझ्या पेटीवर आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा असतो, तो पसरते. तोवर सव्वासात झालेले असतात, आणि वरच्या मजल्यावर पहिल्या कुकरची शिट्टी होते.